वाळ्याचा पंखा

पौषाच्या थंडीत पंखा घेऊन बसणारी बाई, अशी बडोद्यात काही वर्षं माझी ओळख होती. कुणी म्हणे हिला पित्त आहे, कुणी म्हणे नवऱ्यानं टाकल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. मी कुणाचंच खोडून काढलं नाही. खरं कारण सांगितलं असतं तर माझ्या वडिलांची धारासभेतली जागा त्याच दिवशी गेली असती.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. धारासभा म्हणजे संस्थानातली कायद्यांचा विचार करणारी सभा. सभासदांनी चर्चा करायची, हात वर करून मत द्यायचं, आणि शेवटचा शब्द हुजुरांचा, म्हणजे महाराजांचा. मी परकरात होते तेव्हा दादा तिथे निवडून गेले आणि माझ्या केसांत पहिली पांढरी बट दिसली तेव्हाही तिथेच होते. वाघोडियाकडचे पाटीदार, कोळी, वाणी या मराठी माणसाला दर खेपेला निवडून देत, याचं आमच्या नातेवाइकांना मोठं नवल. दादांना नव्हतं. ते म्हणत, "माणसाचं काम करा, मग तो तुमची जात विचारत नाही, आणि विचारलीच तर स्वतःच उत्तर देतो."

काम म्हणजे काय, तर मुख्यतः एक ओढा. बडोद्याहून वाघोडियाला जाणारा रस्ता पावसाळ्यात या ओढ्यापाशी तुटायचा. दादा दर अधिवेशनात तोच प्रश्न लेखी देत आणि दर अधिवेशनात तेच छापील उत्तर येई, की बाब विचाराधीन आहे. सभेत त्यांना मागून 'ओढावाले' म्हणत. त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा मी मराठी दुसरीत होते. ओढ्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा दगडी पूल, झाली तेव्हा माझं लग्न होऊन मोडलंही होतं. त्या दिवशी दादा मला आणि आईला बैलगाडीतून फरशी दाखवायला घेऊन गेले, आणि पाण्यात पाय न भिजवता पलीकडे जाऊन परत आले. आई म्हणाली, "एवढ्या वर्षांत एक फरशी. कायद्यानं सूर्य उगवायचा असता तर अजून अंधारच असता."

माझं सासर नवसारी प्रांतात होतं. तिथल्या चार वर्षांबद्दल मी फारसं लिहिणार नाही. एवढंच सांगते की माझ्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. ती दारात सापडली, असं सासरचे सांगत. दार कुणी लावलं आणि बोटं तिथे कुणी धरून ठेवली, ते सांगत नसत. दादा मला भेटायला आले, त्यांनी हातावरची पट्टी पाहिली आणि म्हणाले, "सामान बांध." पुढे गाडीत, घरी किंवा नंतर कधीही त्या हाताबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. याचा मला फार राग होता. जो माणूस ओढ्यावर इतकी वर्षं बोलू शकतो, त्याला मुलीच्या हातावर एक वाक्य सुचू नये?

नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरी केली. त्याला कायद्यानं मोकळीक होती, मला नव्हती. मंगळसूत्र गळ्यात, नवरा दुसरीच्या घरात. हळदीकुंकवाला मला बोलवावं की नाही, याचा गल्लीतल्या बायकांना दर चैत्रात पेच पडे. शेवटी त्या बोलवीत आणि कुंकू लावताना जरा घाई करीत.

दादांचे कान त्या सुमारास जाऊ लागले. आधी उजवा गेला, एका तापानंतर. मग डावाही मंद झाला. आईचं म्हणणं असं की, "घरातलं त्यांना लग्नापासूनच ऐकू येत नव्हतं, आता बाहेरचंही येत नाही इतकाच फरक." पण गंमत घरापुरती होती. एकदा सभेत अध्यक्षांनी त्यांचं नाव दोनदा पुकारलं आणि ते समोर बघत बसून राहिले. त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हातारा झाला, कान गेले, आता घरी बसवा, हे कुणी म्हणण्याआधी मरण यावं, असं काहीतरी ते पाटावरून पुटपुटले. बहिऱ्या माणसाचं पुटपुटणंही मोठ्यानं असतं. आम्ही सगळं ऐकलं.

पंख्याची युक्ती माझी. सभागृहात प्रेक्षकांसाठी बाकं असत आणि एका कडेला बायकांसाठी दोन. तिथून दादांची जागा सरळ समोर येई. त्यांच्या बोलण्याची पाळी आली की मी वाळ्याचा पंखा उभा धरायचा. मताची वेळ आली आणि हात वर करायचा असला की पंखा उचलून वारा घ्यायचा. पंखा मांडीवर असेल तर हात खाली. बसायची खूण वेगळी नव्हती, कारण दादा बोलून झालं की स्वतःच बसत. प्रश्नाला सरकारी उत्तर मिळालं की ते उठून "उत्तर समाधानकारक नथी" एवढंच म्हणत. उत्तर न ऐकता म्हणत, पण ते दर वेळी खरंच असे.

यात एक मेख होती. कायद्याचा मसुदा आला की त्यावर उपसूचना येतात. एखादा सभासद म्हणतो, हे कलम गाळा. मग मत आधी उपसूचनेवर घेतात आणि कलमावर मागून. उपसूचनेला हात वर केला म्हणजे कलमाच्या विरुद्ध झालात. नवे सभासद हमखास इथे घसरत आणि आपल्याच कलमाचा गळा आपल्याच हातानं घोटत. म्हणून अधिवेशनाच्या आदल्या संध्याकाळी दादा मला समोर बसवून मसुदा वाचत, आणि एकेका कलमावर कुठे हात वर, कुठे खाली ते सांगत. मी माझ्या प्रतीवर खुणा करी. "उपसूचना आधी, कलम मागून," ते दर वेळी बजावत. "तू चुकलीस तर मी चुकलो. आणि मी चुकलो तर वाघोडिया चुकलं."

सहा वर्षं मी एकदाही चुकले नाही. वाघोडियाची माणसं घरी तक्रारी घेऊन येत तेव्हा दादा गंभीरपणे म्हणत, "लेखी आणा." बिचारे ओसरीवर येऊन माझ्याकडूनच अर्ज लिहून घेत आणि आत नेऊन देत. साहेब कायद्याचे किती पक्के, तोंडी काही चालवून घेत नाहीत, अशी त्यांची कीर्ती झाली.

मग घटस्फोटाचा मसुदा आला.

हिंदू बाईला नवऱ्यानं टाकली असेल, छळलं असेल, तर तिला कोर्टाकडे सुटका मागता येईल, असं त्यात एक कलम होतं. मी ते छापील कागदावर वाचलं तेव्हा प्रथम पुन्हा वाचलं, मग उठून पाणी प्यायले. दोनच आठवड्यांपूर्वी नवसारीहून पत्र आलं होतं. नवऱ्याची दुसरी बायको बाळंतपणात गेली होती. मागे दोन तान्ही मुलं. पत्रात विचारपूस नव्हती, बोटांची तर नव्हतीच. वैशाखाच्या आत येऊन संसार सांभाळ, नाहीतर कोर्टातून हुकूम आणून नेईन, एवढंच होतं. आणि असा हुकूम मिळत असे, हे मला दादांच्या कागदांतूनच ठाऊक होतं. कलम राहिलं तर मी वाचणार होते. गळालं तर वैशाखात नवसारी.

कलम गाळावं अशी उपसूचना शेठकाकांनी दिली होती. शेठकाका मांडवीतले कापडाचे व्यापारी, जुन्या वळणाचे, सभेत दादांच्या शेजारी बसत. दोघांची तपकिरीची डबी एक. वीस वर्षं दोघांनी क्वचितच एका बाजूला मत दिलं असेल, पण दिवाळीला त्यांच्याकडून मठिया आणि आमच्याकडून चिरोटे चुकले नाहीत.

आदल्या संध्याकाळी दादा नेहमीसारखे मसुदा घेऊन बसले. मी खुणा करत होते. त्या कलमापाशी ते थांबले आणि म्हणाले, "शेठच्या उपसूचनेला हात वर."

मला वाटलं, ते घसरले. मी त्यांच्या डाव्या कानापाशी जाऊन ओरडले, "दादा, उपसूचना कलम गाळायची आहे!"

"माहीत आहे. हात वर."

"का?"

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "माझ्या घरात कोण बसलंय ते सगळ्या सभेला ठाऊक आहे. या कलमाला मी मत दिलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं मुलीसाठी कायदा करून घेतला. वीस वर्षं मी तिथे स्वतःसाठी काही मागितलं नाही."

"मग मत देऊ नका! गप्प बसा!"

"गप्प बसलो तर म्हणतील, आतून हवंय आणि वरून सोवळं."

"लोक म्हणतील, लोक म्हणतील! आणि वैशाखात मी जाईन तेव्हा लोक काय म्हणतील?" मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या माळ्यावर कुणीतरी खिडकी उघडली. दादांना ऐकू गेलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. ते म्हणाले, "पुढचं कलम."

आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं आणि आत जाऊन भांडी घासायला बसली. इतक्या जोरात भांडी आपटलेली मी तिला कधी ऐकली नव्हती. ती आपटणंही दादांपर्यंत पोचलं नसणार. मी उपसूचनेपुढे खूण केली. हात वर.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. बायकांची बाकं एरवी ओस असत, मी आणि फार तर एखादी पाहुणी. त्या दिवशी मला जेमतेम जागा मिळाली. शेजारी एक नागर बाई आपल्या सुनेला घेऊन आली होती, आणि सून पदराआड सारखी डोळे पुसत होती. मला तिच्याकडे बघवेना. दादा आपल्या जागी बसले, पगडी सारखी केली, आणि नजर वर करून मला शोधलं. सापडल्यावर मान जराशी हलवली. ही आमची रोजचीच खूण होती, म्हणजे 'आहेस ना'. त्या दिवशी ती पाहून मी मसुद्याच्या प्रतीत डोकं घातलं.

चर्चा दुपारपर्यंत चालली. कुणी मनू काढला, कुणी विलायत काढली. शेठकाका शांतपणे बोलले. म्हणाले, बाईला सुटका दिली तर ती जाणार कुठे, बापाच्या ओसरीवर? दोन-तीन माना दादांकडे वळल्या. दादा समोर बघत, ऐकल्यासारखा चेहरा करून बसले होते. तो चेहरा त्यांना छान जमत असे. मला मात्र एकेक शब्द ऐकू येत होता.

मग अध्यक्षांनी उपसूचना मताला टाकली. "तरफेणमां जे होय ते हाथ ऊंचा करे."

बाजूचे हात वर जाऊ लागले. शेठकाकांचा पहिला. दादांनी माझ्याकडे पाहिलं.

पंखा मांडीवर होता.

मी आधी ठरवून काही केलं नाही, हे देवाशपथ सांगते. सकाळी निघताना, टांग्यात, चर्चा चालू असताना, मी सांगितलेलंच करणार होते. पण तो क्षण आला आणि माझा हात उठेना. दादा बघत होते. मी बघत होते. शेठकाकांचा हात त्यांच्या खांद्याशेजारीच वर होता. दादांचा उजवा हात बाकावर पडलेला, बोटं जरा हलली, आणि तशीच राहिली. हात मोजून झाले. मग विरुद्धचे हात मोजले गेले, तेव्हाही पंखा मांडीवरच आणि दादांचा हातही खाली. उपसूचना पडली.

इथे मी थांबले असते तर दादा तटस्थ राहिले, एवढंच झालं असतं. पण अध्यक्ष लगेच म्हणाले, आता मूळ कलम. आणि ज्या हाताला मघाशी पंखा उचलवत नव्हता, त्यानं तो उचलला. मी वारा घेऊ लागले. पौषात. उजव्या हातात मसुद्याची प्रत चुरगळून धरलेली होती, म्हणून पंखा डाव्या हातात होता.

दादांनी हात वर केला. अर्धामुर्धा नाही, ओढ्याच्या प्रश्नाला उठत तसा सरळ, कोपर न वाकवता.

सभागृहात कुजबुज झाली. मागच्या बाकांवरून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "दीकरीनो कायदो!" मुलीचा कायदा, म्हणून हशा पिकला. दुसरा म्हणाला, "आटला वरस पछी ओढावाळाने पोतानो ओढो मळ्यो." म्हणजे इतक्या वर्षांनी ओढावाल्याला स्वतःचा ओढा सापडला. दादांचा हात तसाच वर. चेहऱ्यावर तोच ऐकल्यासारखा भाव. ज्या शब्दांना भिऊन त्यांनी मला वैशाखाच्या तोंडी द्यायचं ठरवलं होतं, ते सगळे शब्द आता आले होते आणि त्यांतला एकही त्यांना ऐकू येत नव्हता. मी ते सगळे ऐकले. त्यांच्या वाट्याचे आणि माझ्या वाट्याचे.

कलम राहिलं. आणि खरं सांगायचं तर दादांच्या मताशिवायही राहिलं असतं. पण मोजणी मी नीट ऐकलीच नव्हती, त्यामुळे ते मला दोन दिवसांनी छापील कागद पाहून कळलं. तोवर मी हेच समजत होते की माझ्या पंख्यानं कायदा झाला, आणि माझ्या पंख्यानं बापाचं नाक कापलं.

बाहेर पायऱ्यांवर मी दादांची वाट बघत उभी होते. शेठकाका आधी आले. माझ्यासमोर थांबले, तपकिरीची डबी काढली, पण उघडली नाही.

"आजे बहु गरमी छे, बेन?"

मी पंखा पदराआड घेतला.

"पंखो मने पण देखाय छे," ते हळू आवाजात म्हणाले. "छ वरसथी जोउं छुं."

सहा वर्षं. सहा वर्षं हा माणूस दादांच्या शेजारी बसून सगळं पाहत होता आणि एका अक्षरानं कुठे बोलला नव्हता. आज मात्र उपसूचना त्याची होती, आणि ती पडली होती. त्यांनी आत जाऊन अध्यक्षांना नुसतं सांगितलं असतं, की हा सभासद बहिरा आहे आणि याचं मत याची मुलगी देते, तर दादांचं काय झालं असतं?

शेठकाकांनी डबी परत खिशात टाकली. "घेर जईने एने साचुं कही देजे," एवढं बोलून ते पायऱ्या उतरून गेले.

खरं सांगायचं, पण कसं? बहिऱ्या माणसाला गुपित सांगायचं तर बोंब मारावी लागते. टांग्यात मी दोनदा तोंड उघडलं. "दादा, मी आज..." "काय?" त्यांनी हात कानाला लावला. टांगेवाल्यानं मान वळवली आणि कानाकडे बोट दाखवत विचारलं, "काकाने ओछुं संभळाय छे?" मी त्याच्यावर खेकसले, "तू घोड्याकडे बघ!" आणि मग घरापर्यंत गप्प बसले. रावपुऱ्यातून जाताना ओळखीच्या दोघांनी दादांना नमस्कार केला. तिसऱ्यानं तोंड फिरवलं. बातमी आमच्या टांग्याच्या पुढे धावत होती.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातली पाटी आणली. दादांशी नाजूक बोलायचं असलं की आई आणि मी ती वापरत असू. मी लिहिलं, 'मी मुद्दाम पंखा उचलला नाही. मग मुद्दाम उचलला. तुमचा विश्वासघात केला.' पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला रडायचं नव्हतं. मला त्यांच्यावर अजून राग होता आणि स्वतःची लाज वाटत होती, आणि दोन्ही एकदम सांभाळताना फार दम लागतो.

मी वळले तेव्हा ते धोतराच्या सोग्यानं पाटी पुसत होते.

"शेठची उपसूचना," ते म्हणाले, "आणि शेठचा हात माझ्या नाकासमोर वर. बहिरा झालोय, आंधळा नाही झालो."

मी ओरडले, "मग हात वर का नाही केलात?"

या वेळी त्यांना नक्की ऐकू गेलं. ते खाली बघत म्हणाले, "पंखा हलेना, म्हणून थांबलो. मग हलला तो डाव्या हातात. मी ती बोटं बघत होतो." पाटी बाजूला ठेवून म्हणाले, "त्या दिवशी नवसारीला बघायला हवी होती तशी मी आज बघितली."

आई दाराआडून बाहेर आली आणि त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. तो कप तिनं अजिबात आपटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी मला कागद घेऊन बसायला सांगितलं. सभेत देण्याचा प्रत्येक कागद ते आधी कच्चा लिहीत आणि मी त्याची स्वच्छ प्रत काढी. त्या दिवशीचा कागद राजीनाम्याचा होता. मी वाचला आणि म्हणाले, मी नाही लिहिणार. त्यात त्यांनी लिहिलं होतं की आपले दोन्ही कान सहा वर्षांपासून निकामी आहेत, ही गोष्ट आपण सभेपासून लपवून ठेवली, आणि आता या जागेवर बसणं योग्य नाही.

मी पाटीवर लिहिलं, 'हे का? दुसरं काही कारण द्या. तब्येत लिहा.'

"दुसरं कारण लिहिलं तर म्हणतील, मुलीच्या कलमाला मत दिलं म्हणून पळाला. मग तेच कागदावर घालून हुजुरांकडे जातील, की कलमच खोटं. कान लिहिले की लोक कानावर बोलतील आणि कलम विसरतील." मग जरा हसून म्हणाले, "वीस वर्षांत एवढं राजकारण मला कळलेलं आहे."

सहा वर्षं जे झाकण्यासाठी मी थंडीत पंखा घेऊन बसले, ते त्यांनी चार ओळींत उघडं केलं. त्या पत्राची स्वच्छ प्रत मीच काढली. अक्षर चांगलं आलं नाही. दादांनी पहिल्यांदाच मला ती पुन्हा लिहायला लावली नाही.

आणि झालंही तसंच. गावभर कान गाजले. बहिऱ्या सभासदाच्या नकला झाल्या, म्हाताऱ्यानं सहा वर्षं सगळ्यांना बनवलं म्हणून लोक हसले, काही चिडले. वाघोडियाहून एक म्हातारा पाटीदार आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, आम्ही उगीच अर्जांचे कागद वाया घालवले, आधी सांगितलं असतं तर मोठ्यानं बोललो असतो. दादा त्याच्याकडे बघून मान हलवत राहिले. पुढच्या निवडणुकीत तिथून दुसरा माणूस गेला. शेठकाका मात्र दिवाळीला मठिया घेऊन आले, आणि डबी दोघांत फिरली.

कायदा यथावकाश मंजूर झाला. नवऱ्यानं वैशाखाची मुदत उलटल्यावर आपला दावा लावला आणि मी माझा. तारखा पडल्या. पहिल्या तारखेला दादा माझ्याबरोबर आले आणि शेवटच्या बाकावर बसले. प्रत्येक तारखेला आले. त्यांना एक अक्षर ऐकू येत नसे. वकील काय म्हणतात, नवऱ्याचा भाऊ माझ्याबद्दल काय काय सांगतो, हे ते बघत बसत, आणि तो ऐकल्यासारखा चेहराही आता करत नसत. मला वाटे, बरं आहे, ऐकू येत नाही ते.

निकालाच्या दिवशी पुढच्या वर्षीचा चैत्र संपत आला होता. उकाडा होता, म्हणून वाळ्याचा पंखा माझ्या हातात होता, खरंच वारा घ्यायला. न्यायाधीश कागद खाली वर करत सावकाश बोलत होते. मला माझ्या छातीचे ठोके ऐकू येत होते आणि त्यांचे शब्द येत नव्हते. दादांना सगळ्यांचं बोलणं असंच दिसत असेल, हे मला तेव्हा कळलं. मग माझे वकील माझ्याकडे वळले आणि त्यांनी मान हलवली. सुटका मिळाली होती.

मी मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर दादा पगडी मांडीवर घेऊन बसले होते, मान पुढे, डोळे माझ्यावर. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. ओरडून सांगायची ती जागा नव्हती. मी पंखा उचलला आणि वारा घेतला.

दादांनी हात वर केला. भर कोर्टात, सरळ, कोपर न वाकवता, आणि खाली घेईनात.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते गृहस्थ कोण? त्यांना काही बोलायचंय का?"

"नाही, साहेब," मी म्हणाले. "माझे वडील आहेत. मत देताहेत."